बऱ्हाणपूरची भुते आणि विसरलेली माणसे

ज्या गावाला चारपाचशे वर्षांचा इतिहास आणि त्या इतिहासाला शोभतील इतके पडके वाडे लाभलेले असतात, त्या गावाला भुतांची वाण कधी पडत नाही. बऱ्हाणपूर हे असेच एक शहर आहे. खांडव्याहून भुसावळकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल. खरे म्हणजे लालबागचे स्थानक आणि त्याच्या आगेमागे पसरलेल्या केळीच्या बागा तेवढ्या पाहिल्या असतील. इंदूर, देवास, जबलपूरकडील आपल्या कुटुंबांच्या लेखी बऱ्हाणपूर म्हणजे देशी जाण्याच्या वाटेवरचे एक ठाणे. तेथे उतरून चार दिवस राहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एके काळी मात्र दिल्ली-आग्र्याहून दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक फौजेला, व्यापाऱ्याला आणि फकिराला येथे मुक्काम केल्यावाचून पुढे जाता येत नसे. दक्षिणेचे द्वार म्हणून या शहराची ख्याती होती.

आमचे वास्तव्य या शहराच्या आसमंतातले. जसोंडी हे बऱ्हाणपूर तहसिलीतील गाव. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून बऱ्हाणपूर वेगळे निघाले, तेव्हापासून आम्ही बऱ्हाणपूर जिल्ह्याचे रहिवासी झालो. राज्य मध्य प्रदेशाचे, पण दक्षिणेस थोडे सरकले की रावेर लागते आणि जळगाव जिल्हा सुरू होतो. त्यामुळे या भागात चुलीपाशी मराठी, बाजारात हिंदी, शेताच्या बांधावर निमाडी आणि जुन्या मोहल्ल्यांतून उर्दू, असा भाषांचा सुखाचा संसार पूर्वापार चालत आला आहे. भुतांच्या गोष्टी मात्र या चारही भाषांतून सारख्याच सांगितल्या जातात. दिवेलागणीनंतर तापीच्या पलीकडे बोट दाखवून आजी जे नातवाला सांगते, तेच त्या पलीकडच्या तीरावरची नानी आपल्या नातवाला सांगत असते.

या गोष्टी तीन. पहिली गोष्ट मुमताज महलची. तापीच्या अल्याड बऱ्हाणपूरचा शाही किल्ला आणि पल्याड जैनाबाद. जैनाबादेत आहुखाना नावाची जुनी बाग आहे. आहू म्हणजे हरीण. शाही घराण्याच्या शिकारीसाठी व विहारासाठी हरणे राखलेली ती जागा. शहाजहान बादशहा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन राहिला असता १७ जून १६३१ रोजी त्याची बेगम मुमताज महल शाही किल्ल्यात बाळंतपणात मरण पावली. तिचे हे चौदावे अपत्य. मुलगी जगली, आई गेली. आईचे वय तेव्हा अडतीस. बेगमेचे शव नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरले गेले आणि सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरात, ते उकरून शहाजादा शुजा याच्या सोबतीने आग्र्यास नेण्यात आले. पुढे काय झाले हे सांगण्याचे कारण नाही. ताजमहाल साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण इकडचे लोक सांगतात की शव गेले, बाई गेली नाही. आहुखान्याच्या पडक्या भिंतींतून रात्री विव्हळणे ऐकू येते. ती आपल्या तान्हीला शोधते म्हणतात.

दुसरी गोष्ट असीरगडची. शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, इंदुरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर हा किल्ला आहे. फारुकी सुलतानांचा हा अखेरचा आसरा अकबराने दीर्घ वेढ्यानंतर १६०१ च्या जानेवारीत घेतला, आणि ९ एप्रिल १८१९ रोजी शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने तो इंग्रजांच्या हवाली केला. त्या वेळी मराठ्यांचे युद्ध इतरत्र संपल्यात जमा होते. गडावर महादेवाचे जुने देऊळ आहे. तेथील पिंडीवर पहाटे ताजे फूल वाहिलेले आढळते आणि ते वाहणारा दुसरातिसरा कोणी नसून द्रोणपुत्र अश्वत्थामा आहे, अशी श्रद्धा आहे. कपाळीची जखम वाहते आहे, वाटसरूपाशी तेल-हळद मागतो आहे, आणि त्याला पाहील तो वेडा होतो, असे सांगतात. नर्मदा परिक्रमा केलेल्या मंडळींकडून शूलपाणीच्या झाडीत तो भेटल्याच्या हकिकती आपल्या घरोघरी ऐकलेल्या असतात; तोच हा चिरंजीव.

तिसरी गोष्ट खुनी भंडाऱ्याची. हे नावच असे की वेगळ्या भुताची गरज पडू नये. लालबागकडील बाजूस जमिनीखाली सुमारे ऐंशी फुटांवर पाण्याचा एक बोगदा वाहतो आणि त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या शंभराच्या आसपास कुंड्या बांधलेल्या आहेत. कुंडीच्या काठावर वाकून पाहिले तर खाली काळोख, आणि त्या काळोखातून पाण्याचा आवाज. येथे माणसे मारून टाकीत, पाणी रक्तासारखे लाल होई, अशा कहाण्या. वस्तुतः अब्दुल रहीम खानखाना बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास इराणी जाणकाराच्या हातून उभारलेली ती नळयोजना आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाचे जे पाणी भूगर्भात झिरपून तापीकडे ओढले जाते, ते मध्येच अडवून केवळ उताराच्या बळावर शहरात आणून सोडलेले. ना मोट, ना रहाट. चारशे वर्षे झाली तरी ते पाणी अद्याप वाहते आहे. कुंडी भंडारा हे त्याचे सरळ नाव. 'कुंडी'चे 'खुनी' लोकांच्या जिभेवर झाले असे जाणते सांगतात. जे पाणी चारशे वर्षे शहराची तहान भागवीत आले, त्याच्या वाट्याला खुन्याचे नाव यावे, यापरते दैवदुर्विलसित कोणते?

मराठी भाषा भुतांच्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. मुंज होऊन लग्नावाचून गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. धनाची वासना मागे ठेवून गेलेला समंध होऊन पुरलेल्या हंड्यावर राखण करतो. बाळंतपणात गेलेली हडळ होते, तिला कोठे अलवंतीण म्हणतात. यवनाचा खवीस होतो. ही यादी नीट पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतले प्रत्येक भूत हे एका अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचे नाव आहे. मुंज्याचे लग्न राहिले, समंधाचा उपभोग राहिला, हडळीचे लेकरू पदरी पडायचे राहिले. जेथे बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म मानला जाई आणि तो सर्वांनाच लाभत नसे, तेथे बायाबापड्यांनी मुमताज बेगमेला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा मान बाजूस ठेवून आपल्यातलीच एक बाळंतीण करून घेतले, यात आम्हांस नवल वाटत नाही. एकोणीस वर्षांचा संसार, चौदा बाळंतपणे, त्यांतली सात मुले हयात. हे आकडे ऐकून आहुखान्यातले विव्हळणे ज्या बाईला खोटे वाटेल, अशी बाई जुन्या पिढीत विरळाच सापडली असती. या अर्थाने भुताची गोष्ट खोटी असली तरी तिच्यातले दुःख खोटे नसते, आणि म्हणून आम्ही वर्गात अशा गोष्टींची टर उडवू देत नाही.

परंतु एके वर्षी आठवीच्या मुलांना हा भाग शिकवीत असता एका मुलाने असा प्रश्न केला की त्यावर आम्हांस त्या दिवशी उत्तर सुचले नाही. मुमताज ज्या वर्षी वारली त्या वर्षी येथे मोठा दुष्काळ पडला होता, हे आम्ही नुकतेच फळ्यावर लिहिले होते. मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग त्या दुष्काळात मेलेल्यांची भुते कुठे आहेत?"

वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

१६३० साली पाऊस रुसला आणि गुजरात, खानदेश व दख्खन या प्रदेशांवर असा दुष्काळ कोसळला की त्याची छाया १६३२ पर्यंत हटली नाही. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्याच १६३० च्या हिवाळ्यात सुरतेहून निघून खानदेश ओलांडीत बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. त्याने आपल्या रोजनिशीत वाटेवरच्या प्रेतांचे, टाकून दिलेल्या माणसांचे आणि ओस पडलेल्या गावांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आजही पान उलटवत नाही. ही वाट म्हणजे आपलीच वाट. नंदुरबार, रावेर, बऱ्हाणपूर. बादशाही दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही हा दुष्काळ नोंदविला आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत या भागांत लंगर उघडण्यात आले. खुद्द बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटावेत असा हुकूम निघाला आणि वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले, असे तो लिहितो. म्हणजे ज्या शाही किल्ल्याच्या रंगीत छताच्या हमामात बेगमेसाठी सुगंधी पाणी खेळत होते, त्याच किल्ल्याच्या दाराशी भुकेली माणसे सोमवारची वाट पाहत बसली होती. लाख रुपये त्या काळी थोडे नव्हेत, परंतु दुष्काळही थोडा नव्हता.

याच दुष्काळाने इंद्रायणीकाठी देहूच्या एका वाण्याचे दिवाळे काढले. त्याची थोरली बायको अन्नान्न करीत गेली, मुलगाही गेला. तो वाणी म्हणजे आपले तुकोबा. त्यांनी ते दुःख अभंगांत सांगितले म्हणून दुष्काळातल्या त्या एका बाईचे मरण महाराष्ट्राने चारशे वर्षे विसरले नाही. तापीकाठच्या भुकेल्यांना तुकोबा लाभला नाही. त्यांना ताजमहाल लाभला नाही, आणि त्या मुलाने अचूक टिपले त्याप्रमाणे, त्यांना भूतही लाभले नाही.

भूत व्हायला देखील काही प्रतिष्ठा लागते, असे आता आमचे मत झाले आहे. ज्याचे नाव कोणाला तरी ठाऊक होते, ज्याचा वाडा मागे उरला, त्याचेच भूत त्या वाड्यात राहू शकते. बऱ्हाणपुरात अकबराचा पुत्र दानियाल दारूपायी गेला, जहांगीराचा पुत्र खुसरौ १६२२ मध्ये येथे कैदेत असता मारला गेला, दुसरा पुत्र परवेझ १६२६ मध्ये येथेच वारला. पुरंदरचा तह घडवून आणणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये दक्षिणेतून परतताना याच शहरी मरण पावला. त्याची छत्री तापीकाठी उभी आहे. या मंडळींपैकी कोणाचेही भूत कोठे दिसले असे कोणी सांगितले, तर श्रोते मान डोलावतील. पण रस्त्याच्या कडेला उपाशी मेलेल्या कोष्ट्याचे वा कुणब्याचे भूत कोठे उभे राहणार? त्याची झोपडी पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली.

ही केवळ बऱ्हाणपूरचीच रीत आहे असे नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. उंच मनोऱ्याची ती वास्तू मुळात मुंबईच्या गव्हर्नराचा प्रासाद; बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये संपले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ती विद्यापीठाकडे आली. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. आपल्या घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी तेथे शिकून आली असेल, तर रिकाम्या दालनांतील पावलांच्या आणि भुयाराच्या गोष्टी तिने वसतिगृहातून बरोबर आणल्याच असतील. साहेबाची वास्तू, तेव्हा भूतही साहेबी. परंतु २२ जून १८९७ च्या रात्री याच प्रासादात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झडत होती, आणि तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यात गोळी झाडली. त्या वर्षी पुणे शहरातून प्लेगाने माणसे उचलली जात होती. त्या प्लेगात गेलेल्यांचे पाऊल कोणत्या दालनात वाजते? त्यांना प्रासादात कोणी बोलाविलेच नव्हते, तर मरणोत्तर तरी ती तेथे कशी यावीत?

यावर कोणी म्हणेल की भुते नसतातच, तेव्हा कोणाची आहेत आणि कोणाची नाहीत याची चर्चा कशाला? त्यांना आमचे सांगणे असे की मराठीत भूत हा शब्द गेलेल्या माणसालाही लागतो आणि गेलेल्या काळालाही. जो भूतकाळ आपण जाणून घेत नाही, तो या ना त्या रूपाने अंगणात येऊन उभा राहतोच. कधी तो भीतीचे रूप घेतो, कधी लोभाचे.

लोभाचे उदाहरण अगदी ताजे आहे. १६८१ च्या जानेवारीअखेर, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजेने बऱ्हाणपूरवर धाड घालून बहादूरपुरा व इतर पुरे लुटले, हा इतिहास आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' हा चित्रपट आला आणि त्यातून बऱ्हाणपूरच्या संपत्तीची गोष्ट घरोघर गेली. मार्च महिन्यात असीरगडाजवळच्या एका शेतात मोगली नाणी सापडतात अशी आवई उठली आणि आसपासच्या गावांतले लोक रात्री विजेऱ्या, कुदळी, टोपल्या, इतकेच काय धातू शोधण्याची यंत्रे घेऊन शेत उकरीत बसले. वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली; प्रशासनाला धाव घ्यावी लागली. जमिनीला खड्डे पडले. समंधाला भिणारे आमचे लोक समंधाच्या हंड्यासाठी मध्यरात्री खणीत होते! गावाच्या पोटात सोने पुरले आहे एवढेच ज्याला आपल्या गावाविषयी ठाऊक आहे, तो कुदळच उचलणार. त्याच जमिनीच्या पोटात चारशे वर्षे पाणी वाहते आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो कदाचित कुंडीच्या तोंडावरचा कचरा काढील. त्या कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर बसत चालले आहेत आणि झिरपा कोंडतो आहे. २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले, ही आनंदाची वार्ता होय. पण यादीतल्या नावाने झिरे मोकळे होत नाहीत.

भीतीविषयी आम्हांस एक निरीक्षण नमूद करावेसे वाटते. बऱ्हाणपुरातच बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी आहे. तेथेही कबरीच आहेत. परंतु संगमरवर लख्ख पुसलेला, बागेला पाणी घातलेले, देशोदेशीचे यात्रेकरू येत-जात असलेले; तेथे रात्री कोणी विव्हळते असे आम्ही कधी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. शहराच्या मध्यभागी १५८९ च्या सुमारास राजा अली खान फारुकीने पुरी केलेली जामा मशीद आहे. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला असून त्यात शक व संवत दिलेले आहेत. रोज पाचदा माणसे येतात, तेथेही भूत नाही. भूत आहे ते आहुखान्यात, जेथे दिवा लागत नाही. कुंडी भंडाऱ्यावर, जेथे झाडझूड होत नाही. आणि असीरगडच्या पडक्या बराकींत, जेथे सूर्यास्तानंतर कोणी थांबत नाही. जागा माणसाने सोडली की भूत तिचा ताबा घेते. गावातली जी वास्तू भुताची म्हणून दाखविली जाते, ती आपण सोडून दिलेली वास्तू आहे असे खुशाल समजावे.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाती वास्तू राखण्याचे साधन नसते. त्याच्या हाती मुले असतात. त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही आमच्या शाळेच्या सहलीचा क्रम बदलला. पूर्वी मुले शाही किल्ला पाहून, हमामाच्या छतावरची नक्षी मोजून, जिलबी खाऊन परत येत. आता आम्ही प्रथम कुंडी भंडाऱ्यावर जातो. तेथे मुले आळीपाळीने काठावर ओणवी होतात आणि मोठ्याने आपापले नाव घेतात. खालून आवाज परत येतो तेव्हा नावाविषयीची भीती निम्मी जाते. मग पाणी कोठून येते, ते कोणी आणले, हे सांगायचे. दुपारी किल्ला. उन्हे उतरताना नदी ओलांडून आहुखाना. तेथे बेगमेची हकिकत सांगतो, आणि ती संपल्यावर त्याच वर्षीच्या दुष्काळाची. सोमवारच्या लंगराचे सांगतो, नंदुरबारच्या वाटेचे सांगतो, देहूचे सांगतो. या वेळी मुले फारशी बोलत नाहीत. परतताना एखादी मुलगी विचारते, तेव्हा आपले गाव होते का, आपली माणसे त्यात होती का. आम्ही म्हणतो, त्या काळी या मुलखात राहणाऱ्या कोणाची माणसे त्यात नव्हती, ते विचार.

आमच्या वाचकांनी महाराष्ट्रात येता-जाता एकदा बऱ्हाणपुरास उतरावे अशी विनंती आहे. हिवाळ्यात यावे, दोन दिवसांची सवड काढावी, असीरगड सकाळी चढावा आणि आहुखाना संध्याकाळी पाहावा. बरोबर मुलेनातवंडे असतील तर त्यांना मुमताजच्या भुताची गोष्ट अवश्य सांगावी. गोष्ट चांगली आहे आणि ती सांगणाऱ्या आज्यांचा मान राखला पाहिजे. फक्त ती सांगून झाल्यावर तेथेच थांबू नये. ज्यांचे भूत झाले नाही त्यांची गोष्टही त्याच भिंतीपाशी बसून सांगावी. ती लांबलचक नाही. पाऊस पडला नाही, धान्य संपले, माणसे वाटेला लागली आणि वाटेतच राहिली, एवढीच ती आहे.